पाव किलोच्या पिना

रेसच्या मैदानाकडेला अजून ऊस होता आणि माझ्या डोक्यात हवा होती, तेव्हाची ही गोष्ट.

मी कोल्हापूरची मोटार. वजन घटलं की वेग वाढतो, एवढंच मला कळलेलं. मागची सीट काढून टाकली, स्टेपनीही काढून टाकली. शेवटी लोखंडी बॉनेट उतरवून पापडासारखं हलकं, काळंभोर बॉनेट चढवलं आणि दिवसभर आरशात बघत बसले.

जुनं बॉनेट भिंतीला टेकून म्हणालं, "अगं, हे नुसत्या खटक्यावर राहायचं नाही. वरून चार पिना मारून घट्ट करून घे."

दिलावर मिस्त्री पिना घेऊन आलेच होते.

"पाव किलो वजन वाढेल!" मी गुरगुरले. "आणि तू तुझ्या गंजाकडे बघ."

रेसमध्ये पहिल्या वळणापर्यंत मी सर्वांच्या पुढे होते. मग सरळ रस्ता लागला, वारा खाली शिरला आणि बॉनेट उघडून काचेवर आपटलं. पुढचं काही दिसेना. आधी ते उडून उसात गेलं, पाठोपाठ मी. पाव किलो वाचवलेल्या मला ओढून काढायला चार बैल लागले.

जुनं बॉनेट पुन्हा बसलं. या वेळी चार पिना मी स्वतःहून मागून घेतल्या.

हल्ली मी शेवटून दुसरी येते. पण अख्खी येते.