जाईची माळ आणि एका श्वासाची इच्छा

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत, जाईच्या पांढऱ्याशुभ्र मांडवाशेजारी रेवा नावाची एक चिमुरडी राहत असे. तिची आई गावदेवीसाठी माळा गुंफी. माळ चढल्यावाचून देवीची पालखी उचलायची नाही, असा गावाचा नेम होता.

आज सायंकाळी पालखी निघायची होती आणि आई तापाने फणफणली होती. धाकटी बहीण रडत होती, चुलीवरची पेज उतू जात होती, परडीतल्या कळ्या अजून मोकळ्याच होत्या. रेवा केळीच्या खोडाच्या सोपाचा ओला धागा घाईघाईने आवळी आणि कळीचा नाजूक देठ तुटून पडे.

शेजारच्या गोदूमावशी कुंपणावरून डोकावल्या. "अगं रेवे, माळ गुंफतेस की कळ्यांच्या माना मुरगळतेस? आण ती धाकटी इकडे. आईकडेही बघते मी. तू बस जा मांडवाखाली."

मांडवाखाली कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकत होते. ती होती बोटभर उंचीची इवलीशी परी! तिचा मोरपंखी पंख जाळ्यात अडकला होता. रेवाला क्षणाचीही उसंत नव्हती; तरीही परडी बाजूला ठेवून तिने एकेक तंतू हलकेच सोडवला.

"एक इच्छा माग, बाळे," परी म्हणाली. "मात्र ती एका संथ श्वासात बोलायची. धापा टाकीत उच्चारलेले शब्द आम्हां पऱ्यांना ऐकूच येत नाहीत."

"माळ होऊ दे, आई बरी होऊ दे, पेज, धाकटी..."

परीने कानाशी हात नेला. "ओठ तेवढे हलले गं!"

रेवाने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा धाप लागली. तिचे डोळे भरून आले. "नाही जमत मला! छातीत नुसत्या चिमण्या फडफडताहेत."

"फडफडू देत. त्यांना हाकलू नकोस. एकच कळी उचल. तिचा गंध घे आणि श्वास सोडताना गाठ घाल."

रेवाने कळी नाकाशी धरली. थंड, गोड गंध आत उतरला. श्वास सोडत तिने गाठ घातली. ती सैल पडली नाही, देठात रुतलीही नाही! तिने दुसरी कळी उचलली. दूर देवळात ढोल घुमला आणि चिमण्या पुन्हा फडफडल्या. रेवाचे हात थरथरले. तरी तिने पुढच्या कळीचा गंध घेतला. पश्चिमेला केशरी रंग चढला तेव्हा मांडीवर चांदण्यासारखी माळ चमकत होती.

परी थक्क होऊन पाहत राहिली. "न घाबरणारे पुष्कळ पाहिले मी. पण थरथरत्या हातांनी असे सुंदर काम करणारी तूच! आता माग."

रेवाने सावकाश श्वास घेतला. "माझ्या आईचा ताप उतरू दे."

"ऐकले हो, शब्द न् शब्द ऐकला!" परी हसली.

इतक्यात दारातून हाक आली, "रेवा, पालखी खोळंबली असेल गं!" आई उभी होती, कपाळावर घामाचे मोती, चेहरा टवटवीत. तिची नजर माळेवर पडली. तिने एकेक गाठ बोटांनी चाचपली आणि लेकीला हृदयाशी धरले.

त्याच क्षणी जाईचा मांडव सोनेरी, गुलाबी, निळ्या प्रकाशाने भरून गेला आणि परी त्या उजेडात विरघळून गेली. देवळाकडे जयघोष झाला. माळ दोन्ही हातांवर तोलून, आईच्या बरोबरीने, रेवा तिकडे चालू लागली.