दोन धुरंधर, नाव एक

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत धुरंधर नावाचे डायरेक्टर होते. रुग्णवाहिकांना जवळचा रस्ता शोधून देणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे तयार कोडच्या संचाला, त्यांनी स्वतःचंच नाव दिलं. तिच्या दोन आवृत्त्या बनत. चाचणीची आवृत्ती जड आणि पदोपदी चुका कळवत बसणारी, तर ग्राहकाची हलकी आणि चपळ. दोन्हींना वेगळी नावं द्यावीत, असं इंजिनिअर शर्वाणीचं म्हणणं होतं. साहेब कडाडले, "माझ्या नावाला काहीही चिकटवायचं नाही!"

व्हायचं तेच झालं. एकाच नावाच्या गोंधळात ग्राहकाकडे चाचणीची आवृत्ती गेली, आणि भर बैठकीत साहेबांनी शर्वाणीलाच फैलावर घेतलं. "तक्रार काय आहे? सगळ्यांसमोर सांगा!"

शर्वाणी आतून धुमसत होती, पण आवाज तिने मऊच ठेवला. "सर, धुरंधर फार जड आहे. जागचा हलत नाही. कामापेक्षा बडबड जास्त करतो. ग्राहक म्हणतात, याला परत घेऊन जा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या, खांदे मात्र हलत होते.

"अहो, तो चाचणीचा धुरंधर!" साहेब ओरडले. "तसं स्पष्ट म्हणा ना!"

"नावातच म्हणते, सर. परवानगी आहे?"

साहेबांनी घटाघटा पाणी पिऊन मान डोलावली. तेव्हापासून 'धुरंधर-चाचणी' कंपनीच्या दाराबाहेर पडलेला नाही.