सरकायला एक खोली

काळ कोणता ते सांगता येत नाही, पण तेव्हा धातूच्या आत राहणारे इलेक्ट्रॉन बोलत असत. एका तारेत प्रत्येक अणूच्या खोलीत एकेक इलेक्ट्रॉन अंग चोरून बसलेला होता. ती तार खाणीतल्या धोक्याच्या घंटेला जोडायची होती.

तारेतून वीज धावेल का, हे ठरवणाऱ्या गणकयंत्राने एकाच इलेक्ट्रॉनचं गणित मांडलं, बाकीच्यांची नुसती सरासरी धरली आणि सांगून टाकलं, "वीज धावेल." तार जोडली गेली. एके दिवशी खाणीत विषारी वायू शिरला. आत माणसं होती, पण घंटा वाजेना.

घाबरलेल्या यंत्राने एका खोलीत डोकावून विचारलं, "अरे, हलत का नाहीस?"

"शेजारच्या खोलीत तो आहे ना! दोघं एका खोलीत आलो तर तो मला फाडून खाईल."

"मी?" शेजारी म्हणाला. "मी तर तुलाच घाबरून बसलोय!"

यंत्र दारोदार फिरलं. सगळीकडे हेच उत्तर; फक्त एका खोलीत कुणीच इलेक्ट्रॉन नव्हता.

"सरासरीत हे दिसलंच नाही रे मला," यंत्र पुटपुटलं. "ऐका, इथे एक परका अणू राहायला आलाय. त्याची खोली रिकामी आहे. कुणीतरी तिकडे जा."

"परक्याकडे? तूच जा की!" सगळे ओरडले.

शेवटी त्या शेजाऱ्यानेच डोळे मिटून उडी मारली. त्याने सोडलेल्या खोलीत पहिला सरकला, पहिल्याच्या जागी तिसरा, आणि वीज धावू लागली. घंटा घणघणली. माणसं धावत बाहेर आली.

भीती कुणाचीच गेली नव्हती. फक्त सरकायला एक खोली मोकळी झाली होती.