खिंडीत नाव हातानं का घेतात

कोंडाचं कुणीच खरं मानलं नाही, हे आधी ऐका. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ही समोर दिसते ती मुकी खिंड. वर काळ्या कातळाला सुपाएवढी लोंबतात ती आग्या माश्यांची मोहळं. सात तर इथूनच दिसतात, वरच्या कपारीत आणखी असतील. कळमदऱ्यात शिरायची वाट हीच एक. म्हणून आत्ताच सांगून ठेवते, या उंबराच्या झाडापासून पलीकडच्या दगडी पायरीपर्यंत तोंड उघडायचं नाही. मोबाईल बंद. खोकला आला तर पदरात नाहीतर रुमालात. तुम्हाला हसू येतंय, येऊ द्या. कोंडालाही लोक हसलेच होते.

फार जुनी गोष्ट, किती जुनी ते कुणालाच ठाऊक नाही. चैत्राचं ऊन होतं, म्हणे. कोंडाचा नवरा रखमाजी लाकडाचा भारा घेऊन पुढं आणि कोंडा मागं. भाऱ्याची दोरी सुटताना तिनं पाहिली आणि हाक मारली, "अहो, थांबा की!" तो वळून मोठ्यानं म्हणाला, "काय झालं गं?" एवढ्यावर वरचं मोहळ उठलं. दिवस मावळायच्या आत रखमाजी गेला. तोंड इतकं सुजलं होतं की सख्ख्या बहिणीला ओळखू येईना.

तेराव्याला कोंडा सगळ्यांदेखत म्हणाली, "माश्या आवाजाला उठतात. माझ्या हाकेनं गेले ते."

पुरुष म्हणाले, चिलमीच्या धुरानं उठल्या असतील. बायका म्हणाल्या, बिचारीचं डोकं फिरलं. आणि गावचा पाटील दाजीबा मिशीला पीळ देत म्हणाला, "माशीला कान असतात होय गं कोंडे? मग उद्या तिला डूलही घालशील!" लोक हसले. तेराव्याच्या जेवणावर बसून हसले.

पाणी खिंडीच्या बाहेरच्या झऱ्याचं. रोज दोन खेपा तिथूनच करायच्या. कोंडाच्या डोक्यावर घागर असायची आणि दातांत पदराचं टोक. कुणी मागून बोललं की ती जागच्या जागी थांबायची. मान वर करायची हिंमत नाही, आणि वर न बघताही चालवत नाही. असे दोन महिने काढले तिनं.

घरात नणंद होती, गजरा. जन्माची मुकी. तिच्या खुणा कोंडाला कळायच्या, पण त्या चुलीपुरत्या, भाकरी, पाणी, गाय, ये, जा. खिंडीत तेवढ्यावर भागत नाही. मग दोघी खळ्यावर बसल्या आणि त्यांनी हातांची अख्खी भाषा बांधली, असं सांगतात. पाऊसभर बांधत होत्या.

हात बेंबीच्या खाली जायचा नाही आणि कानाच्या वर जायचा नाही. वर हात हलला की माशीला दिसतो. आधी जागा सांगायची, मग काय करायचं ते, आणि कुणी ते सगळ्यात शेवटी. जीव वाचवायचा तर पळायचं कुठं हे आधी कळायला हवं. नको म्हणायचं असेल तर मूठ छातीला लावायची, आणि ती सगळ्याच्या आधी. घाबरलेलं माणूस अर्ध्या बोलण्यावर धावत सुटतं, त्याला नको मागाहून सांगून उपयोग नाही. होऊन गेलेली गोष्ट हाताच्या पाठीनं सांगायची, कारण गेलेल्या दिवसानं पाठ फिरवलेली असते. येणारी तळहातानं. विचारायचं असेल तर हात आहे तिथं थांबवायचा, भुवया उचलायच्या, आणि उत्तर येईतो हात हलवायचा नाही.

पाणवठ्यावर बायकांनी आधी चेष्टाच केली. "कोंडावहिनी, हातानं भांडायचं कसं हो?"

"भांडा घरी जाऊन. इथं जगा."

बायका शिकल्या. वर्षभरात एकाही बाईला माशी चावली नाही. पुरुषांवर दोनदा मोहळ उठलं. तरी ते चिलमीचंच बोलत होते. दाजीबा खळ्याला मुक्यांची शाळा म्हणायचा.

पुढं कोंडाच्या मुलाचं, सुभानाचं, लग्न ठरलं. नवरी घाटाखालची, बिजा नावाची. आता कळमदऱ्याची रीत अशी की नवी सून खिंडीत आली की पाटलानं वाट अडवायची, आणि तिनं मोठ्यानं नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय आत सोडायची नाही. कोंडाला जेवण जाईना. ती चार दिवस आधी नवरीच्या घरी गेली. लेकराला समोर बसवून तिनं हातबोली शिकवली, सुभानाची खूण शिकवली, अंगठा कानाच्या पाळीला आणि तिथून छातीवर. पोरीनं विचारलं, "सासूबाई, बोलले तर काय होईल?" कोंडानं तिला ती खूण पुन्हा करायला लावली.

भर दुपारी वऱ्हाड आलं. वाजंत्री कोंडानं उंबरापाशीच थांबवली. तीस-चाळीस माणसं खिंडीत शिरली, पायांखालचा खडासुद्धा वाजत नव्हता. पलीकडे पायरीवर दाजीबा उभा. वाजंत्री बंद केली याचाच त्याला राग.

बिजानं हात जोडले. मग अंगठा कानाला लावला, छातीवर आणला. चुकली नाही पोर.

"हे काय हातवारे?" दाजीबा म्हणाला. "कोंडे, मुकी सून आणलीस का?"

कोंडानं मूठ छातीला लावली. दुसऱ्यांदा लावली. सासूपणाचा मान गुंडाळून ठेवून तिनं भर रस्त्यात त्याचे पाय धरले. गजरा तिच्या मागंच उभी होती.

दाजीबानं पाय सोडवून घेतले आणि घाट घुमेल असा ओरडला, "नाव घे तोंडानं! पाटील उभाय इथं!"

वरच्या मोहळावर शहारा आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी लाट सरकावी तसा. तो कोंडानं एकदा पाहिला होता.

तिचे हात आपोआप चालले. कपार, मग बसा, मग सगळ्या. बायका बिजाला ओढून कपारीत दबल्या, पदर डोक्यावरून पायापर्यंत. पुरुषांना त्यातलं काही कळेना. ते वाटेवर उभे, आणि त्यांच्यात सुभाना. दाजीबा तर किंचाळत माणसं तुडवत पळाला.

कोंडानं पदर कमरेला खोचला आणि ती उलट दिशेनं, खिंडीबाहेरच्या उघड्या माळावर धावली. तिथं झाड नाही, दगड नाही. लग्नात पायरीवर घेतलं तेवढं सोडून उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडावर न आणलेली बाई तिथं जाऊन ओरडली, "रखमाजी! ओ रखमाजी!" मोहळ तिच्यामागं वळलं. वऱ्हाडावर एक माशी उतरली नाही, असं सांगतात. माळावरून हाका बराच वेळ येत होत्या. मग येईनाशा झाल्या.

दुसऱ्या दिवशी चावडीवर दाजीबा म्हणाला, "ओरडली कोण? कोंडाच ना? सगळ्यांनी ऐकलंय. ही पांढऱ्या पायाची सून आली, आणि सासूला गिळून बसली. परत धाडा तिला." माना हलायला लागल्या. बिजाचं गाठोडं बांधून झालं होतं.

तेव्हा गजरा मध्ये येऊन उभी राहिली आणि हातानं बोलू लागली. पुरुष बघत राहिले. मग कडेला बसलेल्या एका बाईनं ते हात तोंडानं सांगायला सुरुवात केली, मग दुसरीनं, मग सगळ्या बायका एका सुरात. खिंड. आधी ओरडला. कोण, ते गजरानं दाखवलं, दोन बोटांनी मिशीला पीळ.

बिजाचं गाठोडं सुटलं. पाटील त्याच महिन्यात गाव सोडून गेला. पाटीलकी त्या घरात पुन्हा आली नाही.

आजही कळमदऱ्याची नवरी खिंडीत हातानंच नाव घेते. त्यानंतर गावातली सगळ्यात थोरली बाई पुढं होते, माळाकडं बोट करते, हात तिथंच थांबवते आणि भुवया उचलते, ही बाई कुणामुळं गेली? उत्तर दिल्याशिवाय नवरीला पायरी चढता येत नाही. वर मोहळं लोंबत असतात, आणि पोर दोन बोटं ओठांवर नेऊन मिशीला पीळ देते. दाजीबा पाटील.