डिस्कचा हट्ट

खूप वर्षं झाली या गोष्टीला. यमुताईंच्या लिनक्स संगणकात एक डिस्क होती. तात्पुरत्या, फुटकळ फायलीसुद्धा ती स्वतःवरच लिहून घेई आणि मग पुसून टाकी. प्रत्येक लिहिण्यागणिक ती झिजत होती.

शेजारची मेमरी म्हणाली, “अगं, हा पसारा माझ्याकडे ठेव. लिहून लिहून मी झिजत नाही.”

“वीज गेली की तू सगळं विसरतेस,” म्हणत डिस्कने तिला उडवून लावलं.

पुढे यमुताईंची बहीण अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिने क्षीण आवाजात गाणं म्हटलं आणि यमुताईंनी ते संगणकावर रेकॉर्ड केलं. पण झिजलेल्या डिस्कवर आता काहीच उमटेना.

“तूच सांभाळ,” डिस्क मेमरीला काकुळतीने म्हणाली.

संध्याकाळी वीज गेली. ती परत आली तेव्हा बहीण उरली नव्हती.

“ते गाणं आहे ना गं?” डिस्कने विचारलं.

“कोणतं गाणं?” मेमरी म्हणाली.