चांदीची तबकडी आणि अण्णांची हाक

“आणि हात का थांबला?”

“तुम्ही हाक मारलीत म्हणून!”

“हाक मी मारली. हात कुणाचा थांबला?”

कस्तुरीनं यंत्रावरची घड्याळाची चांदीची तबकडी सोडवली आणि अण्णांपुढं टेबलावर आपटली. मधोमध एक ठिपका, त्याच्याभोवती केसासारख्या बारीक लहरी, एकीतून दुसरी उमलत कडेपर्यंत गेलेल्या. आणि अगदी कडेच्या लहरीत एक ओरखडा. डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा.

हुपरी हे पैंजणांचं गाव. त्या गावात जिनदत्तअण्णा उपाध्ये मनगटी घड्याळं करायचे. वर्षाकाठी मोजकीच, पण आतल्या चाकापासून वरच्या काट्यापर्यंत सगळी त्यांच्या कारखान्यात घडलेली. तबकडी कोरायचं यंत्र हातानं फिरवायचं. डाव्या हातानं मूठ फिरवायची, उजव्यानं कोरणी दाबायची. चांदी डुलत डुलत फिरते आणि तिच्यावर लहर उमटते. सुरू केलेली लहर एका दमात पुरी करायची. मध्ये हात थांबला की कोरणी तिथंच चावते. चावा बुजवता येत नाही.

कारखान्याचा नियम एकच होता. तबकडी जो कोरेल, तिच्यावर नाव त्याचं.

कस्तुरी चौगुले इंजिनिअरिंग करून इथं शिकायला आली होती. चाकं कापायला शिकली, घड्याळ जुळवायला शिकली. नाव मात्र अजून एकाही तबकडीवर लागलं नव्हतं. दरवेळी कडेची लहर आली, की मागून अण्णा हाक मारायचे, “कस्तुरी!” आणि दरवेळी तिचा हात थांबायचा.

“तुम्ही मुद्दाम करता.”

“हो.”

अण्णा नाकबूल करतील, मग आपण तुटून पडू, असं तिनं ठरवलं होतं. सगळा दारूगोळा तसाच राहिला.

“हे बरोबर नाही, अण्णा. ओ दिली तर तबकडी गेली. नाही दिली तर पोरगी गुरूला जुमानत नाही म्हणून गावभर बोंब. तुम्हा मोठ्यांचं नेहमी असंच. दोन्हीकडून चूक आमचीच.”

“मी कुठं बोंब मारली?”

“माराल की! उशीर कितीसा?”

अण्णा हसले.

“तोंडानं भांडतेस. आणि हातानं पाया पडतेस.”

कस्तुरीला ते लागलं. बघायला आलेल्या पाहुण्यांना तिनं दारातून परत धाडलं होतं. कॉलेजात प्राचार्यांना भर सभेत गप्प केलं होतं. आपण कुणाला भीत नाही, अशी तिची पक्की खात्री होती. पण घरात आजोबांची हाक आली की तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती धावायची. भाकरी करपायची. पोहोचल्यावर ती आजोबांशी कडाकडा भांडायची… पण धावायची.

“मग काय करू? कानांत बोळे घालू?”

“घाल.”

“काही उपयोग नाही. तुमची हाक माझ्या पाठीला कळते.”

अण्णांनी एक कोरी चकती तिच्यापुढं सरकवली.

घड्याळ न्यायला त्याच दिवशी सांगलीचे डॉक्टर मगदूम यायचे होते. अण्णांनी स्वतः कोरलेली एक तबकडी खणात तयार होती. कस्तुरीची झाली नाही, तर तीच बसणार होती. अण्णांच्या नावाची.

तिनं ती चकती यंत्रावर चढवली. एकेक लहर निघत गेली. शेवटी कडेची तेवढी उरली. तिनं मुठीवर हात ठेवला. मागं अण्णांचं स्टूल करकरलं.

तिनं हात काढला. वळली.

“अण्णा.”

“काय गं?”

“बाहेर जा.”

“कुठून बाहेर?”

“इथून. ही लहर होईपर्यंत.”

“कारखाना माझा आहे, पोरी.”

“कारखाना तुमचा. लहर माझी.”

बोलली खरी, पण तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता आभाळ कोसळणार, म्हणून ती पाय रोवून उभी राहिली.

अण्णांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली आणि बाहेर गेले. कस्तुरीनं आतून कडी घातली. कडीचा आवाज तिलाच मोठा वाटला.

मूठ फिरली. कोरणी टेकली.

“कस्तुरी!”

दाराबाहेरून. तीच हाक.

मानेवर काटा आला. खांदा मागं वळू पाहत होता. तिनं दात आवळले… मूठ फिरत राहिली.

“कस्तुरी, अगं डॉक्टर आलेत!”

आले होते खरंच. त्यांचा आवाज आला, “काय ओ अण्णा, दार बंद? आणि तुम्ही उन्हात?”

“आत काम चाललंय.”

“तुमच्याच कारखान्यात? आणि तुम्हीच बाहेर?”

“हो.”

“मग ठोका की दार!”

“मी नाही ठोकत. तुम्हाला ठोकायचं तर ठोका.”

डॉक्टरांनी दार ठोकलं. फळ्या हादरल्या. लहर वर चढली, खाली उतरली, पुन्हा चढली… आणि फिरून आपल्या सुरुवातीला येऊन मिळाली.

कस्तुरीनं कोरणी मागं घेतली. मूठ सोडली.

मग ओरडली, “ओ!”

दार उघडलं, तेव्हा अण्णांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. डॉक्टरांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“धन्य आहे बाई तुमची! गुरूला दाराबाहेर?”

“काम होतं,” कस्तुरी म्हणाली. तिनं तबकडी पुढं केली.

अण्णांनी खिशातून भिंग काढलं आणि पायरीवरच, उन्हात धरून पाहिली. तबकडी कलली तशा लहरी पाण्यासारख्या हलल्या. त्यांनी पाहिली, पुन्हा पाहिली… आणि डॉक्टरांना न देता तिच्याच हातात परत ठेवली.

डॉक्टर अस्वस्थ झाले.

“अण्णा, मी तुमच्या नावासाठी आलोय हं. स्पष्टच सांगतो.”

“माझ्या नावाची खणात आहे. चांगली आहे. हवी तर ती बसवू.”

“आणि ही?”

“हिचं हिला विचारा.”

डॉक्टर कस्तुरीकडं वळले. “हिच्यात काय विशेष?”

“कोरताना कुणी थांबलेलं नाही,” कस्तुरी म्हणाली. “शोधा. भिंग घ्या अण्णांचं.”

डॉक्टरांनी खरंच भिंग घेतलं. कडेनं एक फेरी मारली. मग दुसरी मारली. मग भिंग खाली आलं.

“हीच बसवा,” ते म्हणाले. “आणि नाव काय ते नीट, वाचता येईल असं कोरा.”

कस्तुरी आत जाऊन यंत्राशी बसली. नाव कोरायची सुई तिनं हातात घेतली. ‘क’चा दांडा ओढला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, डॉक्टर आत येऊन खुर्चीत टेकलेसुद्धा होते. अण्णा अजून उंबऱ्याबाहेर उभे होते.

“आता काय झालं, अण्णा? उन्हात काय उभे राहिलात?”

अण्णांनी टोपी काढून हातात धरली.

“आत येऊ का?”