शिंपिणीचा कापूस चाकात

रस्त्याच्या कडेला कुंपण. कुंपणात एक झुडूप. झुडपात राहायची एक शिंपीण.

शिंपीण म्हणजे पाखरू. एवढंसं. आईच्या मुठीत मावेल एवढं. पानं शिवून घरटं करायची, म्हणून तिचं नाव शिंपीण.

तिनं दोन पानं जवळ ओढली. चोचीनं भोकं पाडली. त्यातून सूत ओवलं. टुच टुच, टुच टुच. झाली पानांची पिशवी.

आता आत हवा होता कापूस. आज संध्याकाळी तिला अंडी घालायची होती. अंडी नाजूक. पानाचा देठ कडक. टोचला तर?

शिंपीण सावरीच्या झाडावर गेली. पांढरा पांढरा कापूस चोचीत घेतला. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र, घरी निघाली.

वारा आला. सूं सूं सूं. कापूस सुटला. रस्त्यावर पडला.

तेवढ्यात आली एक निळी सायकल. मालनसिस्टरांची. सिस्टर रोज सायकलवरून वाडीवाडीला जायच्या. बाळांना लस द्यायच्या. त्यांच्या पुढच्या चाकात कापूस गेला. गर्र गर्र गर्र. चाकाच्या मधोमध असतो तुंबा. तुंब्याला कापसाचे सात वेढे बसले.

पुढे पडला होता बाभळीचा काटा. फुस्सऽऽ. चाक बसलं.

सिस्टर खाली उतरल्या. त्यांनी पुढचं चाक उचलून धरलं आणि सायकल नेली गफूरचाचांच्या दुकानात. चाचा सायकली दुरुस्त करायचे. त्यांनी टायर सोडवला. ट्यूब बाहेर काढली. सिस्टर बाकावर बसून राहिल्या.

शिंपीण मागोमाग आली. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र. कापसाचं टोक चोचीत धरलं. ओढलं. कापूस हलेना.

शिंपीण म्हणाली,
"सायकलताई, सायकलताई, जरा मागे सर.
कापूस काही सुटेना,
घरटं माझं मऊ होईना."

सायकल म्हणाली, "मागे गेले तर सुटेल गं तुझा कापूस. पण मी जाणार नाही. बसल्या चाकावर सायकल ढकलू नये. टायर फाटतो. आधी पंपाला हवा द्यायला सांग."

शिंपीण गेली पंपाकडे. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र. पंप कोपऱ्यात ताठ उभा होता.

शिंपीण म्हणाली,
"पंपदादा, पंपदादा, हवा दे.
सायकल मागे जाईना,
कापूस काही सुटेना,
घरटं माझं मऊ होईना."

पंप म्हणाला, "मी देणार नाही. ट्यूबला भोक आहे. इकडून हवा घालायची, तिकडून फुस्स. मला काय वेड लागलंय? आधी चाचांना ठिगळ लावायला सांग."

शिंपीण गेली चाचांकडे. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र. चाचा ट्यूब डोळ्यांजवळ धरून बसले होते.

शिंपीण म्हणाली,
"गफूरचाचा, गफूरचाचा, ठिगळ लावा.
पंप हवा देईना,
सायकल मागे जाईना,
कापूस काही सुटेना,
घरटं माझं मऊ होईना."

चाचा म्हणाले, "तू शिंपीण, मी पण शिंपी. ट्यूबचा. फाटलंय कुठे ते दिसल्याशिवाय तू शिवतेस का?"

"नाही."

"मग मी पण नाही लावणार. भोक सुईच्या टोकाएवढं. माझा चष्मा माझ्याएवढाच म्हातारा. आधी घमेल्याला बुडबुडा दाखवायला सांग. जिथे बुडबुडा, तिथे भोक."

शिंपीण गेली घमेल्याकडे. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र. घमेलं उन्हात पडलं होतं. कोरडं ठाक.

शिंपीण म्हणाली,
"घमेलेबाई, घमेलेबाई, बुडबुडा दाखवा.
चाचा ठिगळ लावीनात,
पंप हवा देईना,
सायकल मागे जाईना,
कापूस काही सुटेना,
घरटं माझं मऊ होईना."

घमेलं म्हणालं, "मी दाखवणार नाही. बुडबुडा पाण्यात येतो. माझ्यात आहे का पाणी? बघ वाकून. एक मुंगी आहे, तीसुद्धा तहानलेली. आधी हापशाला पाणी सोडायला सांग."

शिंपीण गेली हापशाकडे. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र. हापसा दुकानाच्या बाजूलाच होता. लोखंडी, उंच, हात लांब केलेला.

शिंपीण म्हणाली,
"हापसेबुवा, हापसेबुवा, पाणी सोडा.
घमेलं बुडबुडा दाखवीना,
चाचा ठिगळ लावीनात,
पंप हवा देईना,
सायकल मागे जाईना,
कापूस काही सुटेना,
घरटं माझं मऊ होईना."

हापसा म्हणाला, "मी सोडणार नाही. माझा दांडा जड. तू बसून बघ."

शिंपीण दांड्यावर बसली. उड्या मारल्या. टुण. टुण. टुण. दांडा जागचा हलला नाही.

"गुदगुल्या झाल्या," हापसा म्हणाला. "हा दांडा एकाच माणसाचं ऐकतो. रंगादादाचं. आधी त्याला यायला सांग."

रंगादादा दूध घालायचे. त्यांच्या सायकलला दोन्हीकडे दोन मोठ्या किटल्या. ते उभे होते रस्त्याच्या पलीकडे. एक पाय जमिनीवर, एक पाय पेडलवर.

शिंपीण उडत पलीकडे गेली. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र.

शिंपीण म्हणाली,
"रंगादादा, रंगादादा, अलीकडे या.
हापसा पाणी सोडीना,
घमेलं बुडबुडा दाखवीना,
चाचा ठिगळ लावीनात,
पंप हवा देईना,
सायकल मागे जाईना,
कापूस काही सुटेना,
घरटं माझं मऊ होईना."

रंगादादा म्हणाले, "मी येणार नाही, बाई. तुला पंख आहेत. मला किटल्या आहेत. उजवीकडे बघतो तर ट्रॅक्टर. तो गेला की दुसरा ट्रॅक्टर. घाईघाईत निघालो आणि दूध सांडलं, तर घरी म्हशी हसतील मला. आधी त्या लाल ट्रॅक्टरला थांबायला सांग."

लाल ट्रॅक्टर अजून लांब होता. मागे दोन ट्रॉल्या. ट्रॉल्यांत ऊसच ऊस. धडधड धडधड, धडधड धडधड.

शिंपीण गेली ट्रॅक्टरकडे. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र. त्याच्या बाजूबाजूनं उडायला लागली.

शिंपीण म्हणाली,
"ट्रॅक्टरराव, ट्रॅक्टरराव, थोडं थांबा.
रंगादादा येईनात,
हापसा पाणी सोडीना,
घमेलं बुडबुडा दाखवीना,
चाचा ठिगळ लावीनात,
पंप हवा देईना,
सायकल मागे जाईना,
कापूस काही सुटेना,
घरटं माझं मऊ होईना."

ट्रॅक्टर म्हणाला, "काय? मोठ्यानं बोल. धडधडीत ऐकू येत नाही."

शिंपिणीनं सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून. तिला धाप लागली.

ट्रॅक्टर म्हणाला, "ऐकलं. पण मी थांबणार नाही. माझ्या पाठीवर केवढा ऊस. मी एकदम थांबलो तर मागच्या ट्रॉल्या मलाच ढकलतील. मला लांबूनच कुणीतरी हात दाखवावा लागतो. मग मी हळू होतो. मग अजून हळू. मग थांबतो. आधी कुणाला तरी हात दाखवायला सांग."

हात. हात कुणाला असतो?

शिंपिणीनं स्वतःकडे बघितलं. पंख होते. हात नव्हते.

पंपाला दांडी होती. हापशाला दांडा होता. चाचांच्या हातात ट्यूब होती. रंगादादांच्या हातात हँडल होतं.

मग तिला बाकावर मालनसिस्टर दिसल्या. मांडीवर लाल हेल्मेट. बाजूला लसींचा डबा. आणि दोन हात, रिकामे.

शिंपीण गेली सिस्टरांकडे. फुर्र... फुर्र... फुर्र. आता ती दमली होती. हेल्मेटवर येऊन बसली.

शिंपीण म्हणाली,
"सिस्टर, सिस्टर, हात दाखवा.
ट्रॅक्टर काही थांबेना,
रंगादादा येईनात,
हापसा पाणी सोडीना,
घमेलं बुडबुडा दाखवीना,
चाचा ठिगळ लावीनात,
पंप हवा देईना,
सायकल मागे जाईना,
कापूस काही सुटेना,
घरटं माझं मऊ होईना."

शिंपिणीला वाटलं, आता सिस्टरसुद्धा म्हणतील, आधी हे आण. आधी ते आण.

सिस्टर म्हणाल्या, "अगं बाई. माझ्याच चाकात तुझा कापूस? आणि मी बसलेय घड्याळ बघत."

"हो," शिंपीण म्हणाली.

"अंडी कधी घालायचीत?"

"आज संध्याकाळी."

"मग चल. ऊठ, बाई. तू माझ्या टोपीवर बसलीस."

शिंपीण उठली. सिस्टर उठल्या. हेल्मेट घातलं. खट्. पट्टा लावला. रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मधे नाही, कडेला. लाल ट्रॅक्टर लांब होता तेव्हाच त्यांनी हात वर केला. उंच. सरळ. ट्रॅक्टरला दिसेल असा.

ट्रॅक्टर हळू झाला. धडधड... धडधड. अजून हळू झाला. धड... धड. मग थांबला. फुस्स.

त्याच्या मागचा ट्रॅक्टर थांबला. त्याच्या मागचाही थांबला.

रंगादादांनी उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. पुन्हा उजवीकडे बघितलं. सायकल हातात धरून चालत चालत अलीकडे आले. किटल्या वाजल्या, टण टण. दुधाचा एक थेंबही सांडला नाही.

सिस्टरांनी हात खाली केला. ट्रॅक्टर निघाला. धडधड धडधड.

रंगादादांनी दांडा धरला. वर खाली, वर खाली. खडाक खुडूक, खडाक खुडूक.

"हळू रे," हापसा म्हणाला.

"मघाशी गुदगुल्या होत होत्या ना तुला?" रंगादादा म्हणाले.

हापशानं पाणी सोडलं. धो धो धो. घमेलं भरलं. मुंगी काठावर चढली आणि पाणी प्यायली.

ट्यूबमध्ये थोडीशी हवा उरली होती. चाचांनी ट्यूब पाण्यात बुडवली. इथे काही नाही. इथे काही नाही. इथे... बुड्. बुड् बुड् बुड्.

"सापडलं," चाचा म्हणाले.

चाचांनी ट्यूब पुसली. घासली, खस खस. ठिगळ लावलं, ठक ठक. ट्यूब आत गेली. टायर बसला.

पंप म्हणाला, "आता देतो की." सुस् फुस्, सुस् फुस्, सुस् फुस्. चाक फुगलं. चाचांनी अंगठ्यानं दाबून बघितलं. टणक.

सिस्टरांनी हँडल धरलं. शिंपिणीनं कापसाचं टोक धरलं.

सायकल मागे सरली. एक पाऊल. एक वेढा सुटला.

अजून एक पाऊल. दोन वेढे सुटले.

तीन सुटले. चार सुटले. पाच सुटले. सहा सुटले.

सातवा वेढा अडकला.

"थांब," सायकल म्हणाली. "घाई नको." ती अजून थोडी मागे सरली. अगदी थोडी.

सुटला.

कापूस बाहेरून पांढरा होता. आतून काळा होता. तुंब्याचं सगळं तेल आणि धूळ त्याला लागली होती. शिंपिणीनं काळ्या कापसाकडे बघितलं.

सायकल म्हणाली, "तुझा अर्धा कापूस मी मळवला गं."

चाचा वाकले. चष्मा पुसला. काळा कापूस एकीकडे केला, पांढरा एकीकडे केला. मग पांढरा फुंकून फुंकून मोकळा केला. फू. फू. तो फुगला. पहिल्याएवढा नाही. पण एका घरट्यापुरता झाला.

"हे घे, शिंपिणे," चाचा म्हणाले. "आणि काळा मला राहू दे. पुसायला लागतो."

शिंपिणीनं कापूस चोचीत घट्ट धरला. म्हणून तिला 'येते' म्हणता आलं नाही. तिनं शेपूट हलवली. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र, ती घरी गेली.

संध्याकाळी पानांच्या पिशवीत तीन अंडी होती. खाली कापूस. वर शिंपीण.

मग एक दिवस गेला. दोन दिवस गेले. बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी सकाळी मालनसिस्टर सायकलवरून आल्या. कुंपणाच्या वळणावर त्या रोज घंटी वाजवायच्या. आज वाजवली नाही. ब्रेक दाबला. पाय टेकला. कान दिला.

"चीं."

मग थोड्या वेळानं, "चीं चीं."

सिस्टर हळूच म्हणाल्या, "मोठे व्हा रे."

मग रस्ता बघून, हळू हळू पेडल मारत, त्या पुढच्या वाडीला गेल्या. तिथे पण बाळं वाट बघत होती.

गोष्ट गेली घरट्यात, आपण जाऊ अंथरुणात.